कुणीही यावं, सातबारा पाहून जावं!

'लास्ट सीन' कोणाला दिसावं, याची सेटिंग्ज आपल्याला तोंडपाठ असतात. पण गावाकडच्या जमिनीवरचं आपलं नाव, आपला वाटा आणि घरचं कर्ज कोण बघतंय, याची सेटिंग आहे का कुठे?

तुमचं व्हॉट्सअॅपवरचं 'लास्ट सीन' कोणाकोणाला दिसतं? सगळ्यांना? फक्त कॉन्टॅक्ट्सना? काही ठरावीक मंडळी वगळून बाकीच्यांना? की कोणालाच नाही? ऑफिसातल्या कोणालाही विचारून बघा, उत्तर ताबडतोब येतं. बॉसला स्टेटस दिसत नाही. आत्याला डीपी दिसतो, पण गोव्याचे फोटो दिसत नाहीत. 'एक्स'ला तर काहीच दिसत नाही. एवढी कडेकोट फिल्डिंग लावण्यात आपली पिढी एकदम वाकबगार!

आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरच्या शेतीवर कुठल्या बँकेचा किती रुपयांचा बोजा आहे, हे कोणाकोणाला दिसतं? आजोबा गेल्यावर कोणाकोणाची नावं लागली, कोणाच्या नावाला कंस पडला, हे कोण बघू शकतं?

उत्तर सोपं आहे. ज्याच्या मोबाइलमध्ये नेटपॅक आहे, तो कुणीही!

चार ड्रॉपडाऊन आणि एक नाव

मी परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसची. नोकरी पुण्यात, शेती गावाकडे. पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नजर टाका, माझ्यासारखे डझनभर सापडतील. गळ्यात आयकार्ड आणि गावाकडे सामाईक खात्यात दोन-तीन एकर.

या सगळ्यांची कुंडली 'महाभूलेख' नावाच्या सरकारी वेबसाइटवर आहे. विभाग निवडा : छत्रपती संभाजीनगर. जिल्हा : परभणी. तालुका : पूर्णा. गाव : ताडकळस. मग गट नंबर टाका. तो ठाऊक नसला तरी टेन्शन नाही, नावावरून किंवा आडनावावरूनही शोधता येतं. एक मोबाइल नंबर द्यायचा, कॅप्चाची वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची, की पान समोर हजर. वर सूचना असते, की ही माहिती फक्त पाहण्यापुरती आहे, कायदेशीर कामाला चालणार नाही. कामाला चालणारा, डिजिटल सहीचा सातबारा हवा असेल तर त्याचे पंधरा रुपये. पण ज्याला फक्त बघायचंच आहे, त्याला सही हवीय कशाला?

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन्ही मिळून सातबारा. त्यावर काय काय असतं? जमीन किती हेक्टर, किती आर. खातेदार कोण, सामाईक असेल तर कोणकोण. वारस अज्ञान असेल तर नावाबरोबर 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालक कर्ता, असा शेरा. 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा. विहीर, बोअर, पीकपाणी. शिवाय '८-अ'चा उतारा काढला, की एका खात्यावर त्या गावात एकूण किती जमीन आहे तेही कळतं. म्हणजे कुटुंबाचा बायोडेटा, फॅमिली ट्री आणि लोन स्टेटमेंट, थ्री इन वन!

मराठीत 'एखाद्याचा सातबारा काढणे' असा वाक्प्रचार उगाच नाही आला.

सातबारा खोटं बोलत नसतो?

माझ्या एका मैत्रिणीसाठी स्थळ आलं होतं. मुलगा हिंजवडीत, पॅकेज चांगलं. बायोडेटात शेवटून दुसरी ओळ : 'वडिलोपार्जित शेती २० एकर'. मैत्रिणीच्या मामांनी चहा निवायच्या आत मोबाइल काढला.

"पॅकेज काहीबी सांगंल पोरगं, सातबारा खोटं बोलत नसतो," मामा म्हणाले.

वीस एकर होती खरी, पण पाच नावांत. आणि इतर अधिकारात एक जाडजूड बोजा. बैठकीत शांतता पसरली. दोन दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप गेला. गंमत म्हणजे मुलाला त्या बोजाची रक्कम ठाऊकच नव्हती. ती त्याला कळली न झालेल्या सासुरवाडीकडून, मध्यस्थामार्फत. त्यानं घरी विचारलं, तेव्हा वडिलांनी ट्रंकेतून बँकेचा बेबाकी दाखला काढून दाखवला. कर्ज कधीच फिटलं होतं. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायचा तेवढा राहून गेला होता.

म्हणजे मामा, सातबारा खोटं बोलत नसेल. पण कधीकधी जुनं बोलतो. पंधराशे पानांच्या दप्तरातलं जुनं झालेलं कलम कोणाच्या नजरेला पडत नाही. वेबसाइटवर मात्र ते रोज नवंकोरं दिसतं.

चावडीवर चेहरा असायचा

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? सातबारा कधीच गुपित नव्हता. बरोबर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याच्या कलम ३२७ नुसार नकाशे आणि जमिनीचे अभिलेख, ठरलेली फी भरून आणि रीतसर वेळेत, लोकांना बघायला खुलेच आहेत. ते असावेतही. जमीन विकत घेणाऱ्याला ती खरंच विकणाऱ्याची आहे का हे कळलं नाही, तर व्यवहार होणार कसा?

पण जरा जुनी चावडी आठवून बघा. तलाठी अप्पा (आता त्यांचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय) कोणत्या दिवशी सज्जावर असतात, ते शोधायचं. जाऊन बसायचं. 'कोणाचा गट? कशाला पाहिजे?' या प्रश्नांना उत्तर द्यायचं. भावकीतल्या कोणाच्या जमिनीची नक्कल मागितली, तर संध्याकाळपर्यंत पारावर बातमी. नियमानं कुणालाही बघता यायचं, पण बघणाऱ्याला चेहरा होता. त्याला तिथवर जायचे कष्ट होते. आणि दप्तर गट नंबरानुसार लावलेलं, त्यामुळे आडनावावरून अख्खं गाव चाळणं जिकिरीचं.

वेबसाइटवर माहिती तीच आली. फक्त चेहरा गेला, कष्ट गेले आणि नावावरून शोधायची सोय आली. माझ्या मते सगळी गोम या तीन बदलांत आहे. वेबवरच्या माहितीवर ताबा म्हणजे 'ठेवा' किंवा 'काढा' एवढंच नसतं. कोण बघतो, किती सहज बघतो आणि बघितल्याची खूण राहते का, हे तीन वेगळे नॉब आहेत. आपण मात्र एकच बटण दाबत बसतो. चालू, बंद. चालू, बंद.

साधं उदाहरण घ्या. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या याद्या २०२० मध्ये गावोगाव ग्रामपंचायतीत आणि बँकेत लागल्या. भिंतीवरची यादी गावानं वाचली. ज्याचं नाव होतं तो आधार प्रमाणीकरणाला गेला. कालांतरानं कागद पिवळा पडला, फाटला. भिंतीला स्वतःची एक लाज असते, ती विसरते. वेबसाइट विसरत नाही.

पण बहिणीचं काय?

एवढं वाचून 'बंद करून टाका सगळं!' असं म्हणायचा मोह होईल. थांबा. कारण हीच बिनचेहऱ्याची खिडकी काही जणांसाठी वरदान आहे.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीनं आला. त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदा झकास आहे. पण सासरी नांदणाऱ्या बाईनं माहेरच्या गावी जाऊन 'माझं नाव लागलंय का?' असं चावडीवर विचारणं म्हणजे काय असतं, हे गावातल्या कुठल्याही लेकीला विचारा. नक्कल हातात पडायच्या आत भावाला फोन गेलेला असतो. मग राखीपौर्णिमेला भाऊ येत नाही आणि दिवाळीला आईचा आवाज बदललेला असतो.

आज तीच बाई खराडीतल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या मोबाइलवर बघू शकते. कोणाला न विचारता, कोणाला न दुखावता. माझं नाव आमच्या सातबाऱ्यावर आईच्या आणि भावाच्या बरोबरीनं आहे. तरी वर्षातून एकदा मी तो उघडून बघते. भावावर अविश्वास म्हणून नाही. बँक बॅलन्स बघतो तसंच.

दुसरी भारी सोय म्हणजे 'आपली चावडी'. जमिनीत कुठलाही फेरफार व्हायचा असेल, तर संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवायचे, असा नियम आहे. पूर्वी ती नोटीस चावडीच्या फळ्यावर लागायची आणि पुण्या-मुंबईतल्या वारसाला त्याचा पत्ता नसायचा. आता गावनिहाय प्रलंबित फेरफार आणि हरकतीची शेवटची तारीख ऑनलाइन दिसते. २०२५ मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली. अशा वेळी आपलं नाव सुटलं नाही ना, हे घरबसल्या तपासता येणं ही चैन नाही, गरज आहे.

म्हणजे बघा, ज्या खिडकीतून मामा डोकावले, त्याच खिडकीतून बहीणही बघते. खिडकीला वीट लावली तर मामांचं फारसं बिघडणार नाही, त्यांची तहसीलमध्ये ओळख आहे. बिघडेल ते बहिणीचं.

नाव काढा, कागद ठेवा

मग मधला मार्ग काय? जगात यावर डोकं लढवून झालंय.

स्पेनमध्ये मारिओ कॉस्तेहा गोन्सालेस नावाच्या गृहस्थांची मालमत्ता थकबाकीपोटी लिलावाला निघाली होती. १९९८ मध्ये त्याची नोटीस पेपरात आली. थकबाकी केव्हाच मिटली, पण पुढं कित्येक वर्षं गूगलवर त्यांचं नाव टाकलं की ती नोटीस वर यायची. आपल्या हिंजवडीकराच्या बोजासारखंच! २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला तो मोठा मार्मिक. पेपरातली नोटीस राहू द्या, ती कायदेशीर होती. पण नुसतं नाव टाकून शोधल्यावर ती समोर येता कामा नये. कागद उघडा, नावाची किल्ली बंद.

आपल्याकडेही ही युक्ती वापरली गेलीय. मतदार याद्या वेबवर आहेत. पण २०१८ पासून निवडणूक आयोग त्या अशा पीडीएफमध्ये देतो, की पान म्हणजे नुसतं चित्र. माणूस वाचू शकतो, कॉम्प्युटरला लाखो नावं चटकन उपसता येत नाहीत. यादी शोधता येईल अशा स्वरूपात द्या, ही मागणी सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी मान्य केली नाही. पुढं यावरून राजकारण तापलं, कारण यादीतल्या चुका शोधणाऱ्यालाही तीच अडचण येते. थोडक्यात, कष्टाचा नॉब फिरवला की चोराबरोबर चौकीदारही दमतो.

आणि कुठलाच नॉब न फिरवता सगळं टाकून दिलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. रोजगार हमी, पेन्शन अशा चार सरकारी पोर्टल्सवरून १३ कोटींच्या आसपास लोकांचे आधार क्रमांक उघड्यावर पडल्याचा अहवाल 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'नं मे २०१७ मध्ये दिला. योजनेत पारदर्शकता हवी, मजुराचं नाव आणि त्याला मिळालेले पैसे गावाला दिसायला हवेत, हे शंभर टक्के मान्य. पण त्याचा आधार आणि खाते नंबर जगाला कशाला?

कोण बघून गेलं?

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. पण या बाबतीत जर्मनी नाही, नॉर्वे कामाला येतो. तिथं प्रत्येकाचं उत्पन्न आणि भरलेला कर लोकांना बघायला खुला असतो. एके काळी शेजाऱ्याचा पगार बघणं हा तिथला राष्ट्रीय टाइमपास होता. २०१४ मध्ये सरकारनं एकच बदल केला : तुम्ही कोणाची माहिती बघितली, हे त्याला कळणार. माहिती तीच, कुलूप नाही, फी नाही. पण शोधणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. पत्रकार बघतच राहिले, भोचक शेजारी गायब झाले!

आपल्यातल्या सीनियर मंडळींना ऑर्कुट आठवत असेल. २०१४ मध्ये ते बंद पडलं. त्यावर 'रिसेंट व्हिजिटर्स' दिसायचे आणि कोण आपल्या प्रोफाइलवर येऊन गेलं ते कळून पोटात गुदगुल्या व्हायच्या. लिंक्डइन आजही तेच करतं. एचआरनं प्रोफाइल बघितलं की आपल्याला कळतं. सातबारा बघितला की मात्र खातेदाराला कळत नाही.

मग आणायचा का नॉर्वेचा फंडा ताडकळसला? जसाच्या तसा नको! माहेरच्या जमिनीत आपलं नाव आहे का, हे बघणाऱ्या बहिणीचं नाव त्याच रात्री भावाच्या मोबाइलवर झळकेल. पुन्हा तीच राखीपौर्णिमा. नॉर्वेत बघणारा आणि दिसणारा बहुधा अनोळखी असतात. आपल्याकडे ते एकाच पंगतीत जेवलेले असतात.

कायदा कोणाच्या बाजूनं?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यातून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. पण गंमत बघा. एखाद्या कायद्यानुसार जी माहिती जाहीर करणं बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागूच नाही. त्यामुळे सातबाऱ्यावरच्या बोजासाठी त्याचा आधार मिळणं अवघड.

उलट याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) ला कात्री लावली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्या कलमातच बघावं लागे. आता 'वैयक्तिक आहे' एवढं म्हणणं पुरतं. व्यापक जनहिताचं वेगळं कलम शिल्लक आहे, पण त्यासाठी भांडावं लागणार. ज्या महाराष्ट्रात माहिती अधिकारासाठी अण्णा हजारे २००३ मध्ये उपोषणाला बसले, तिथं हे जास्त बोचतं. म्हणजे अधिकाऱ्याच्या माहितीला पडदा आणि अल्पभूधारकाच्या कर्जाला शोकेस! निवडणुकीच्या उमेदवाराची जमीन आणि कर्ज प्रतिज्ञापत्रात दिसतं, ते योग्यच आहे, कारण तो आपलं मत मागतो. आमच्या घरच्यांनी कोणाकडे मत मागितलेलं नाही.

माझ्या मते मागणी अशी असायला हवी. मालक कोण आणि क्षेत्र किती, हे गट नंबर टाकणाऱ्या कुणालाही दिसू द्या, तेही फुकट. बोजाची रक्कम आणि अज्ञान वारसांची नावं मात्र खातेदार, वारस, बँक आणि रीतसर व्यवहार करणाऱ्यापुरती ठेवा. इतरांना 'बोजा आहे' किंवा 'नाही' एवढं कळलं तरी भागतं. नावावरून शोधायचं असेल तर ओटीपीनं ओळख पटवा. बघितल्याची खूण सरकारकडे राहू द्या, पण ती थेट भावाच्या मोबाइलवर नको. कोणाला त्रास झाला, फसवणूक झाली, तक्रार झाली, तरच ती उघडा. चावडीवरचा चेहरा परत हवा, पारावरची चहाडी नको.

तोपर्यंत आपण काय करायचं? तर आपला सातबारा आपणच सगळ्यात आधी वाचायचा. मामा वाचायच्या आत!

हे करून बघा

• 'महाभूलेख'वर आपल्या गटाचा सातबारा आणि ८-अ उघडा. नावाचं स्पेलिंग, क्षेत्र, सामाईक नावं, इतर अधिकार नीट वाचा.

• कर्ज फिटलंय, पण बोजा तसाच? बँकेचा बेबाकी दाखला घ्या. बोजा कमी करायचा अर्ज 'ई-हक्क' या सरकारी प्रणालीवर ऑनलाइन करता येतो.

• अठरा पूर्ण होऊन जमाना झाला, तरी नावाबरोबर 'अ.पा.क.' आहे? तो शेरा कमी करायचा अर्जही तिथंच. वारस नोंदीचाही.

• 'आपली चावडी'वर महिन्यातून एकदा आपल्या गावाचे फेरफार बघा. हरकतीची शेवटची तारीख गेली की धावपळ वाढते.

• व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर सातबाऱ्याचा फोटो टाकू नका. तिथून तो कुठं कुठं जाईल, याची सेटिंग कोणाच्याच हातात नाही.

• आणि घरच्यांशी बोला. बोजा किती, वाटे कसे, बहिणीचं नाव लागलं का. आपल्या घरची गोष्ट वेबसाइटवरून कळण्यापेक्षा आईकडून कळलेली केव्हाही बरी.